रोमला पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघालाय?

चार दिवसांत सगळं उरकायचा बेत आधी रद्द करा. पहिल्या खेपेला तीनच जागा धरा: पँथिऑन (घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर), फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि ऑस्टिया आंतिका (रोमजवळच्या जुन्या बंदर-शहराचे अवशेष).

पँथिऑनमध्ये शिरल्यावर दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. 43 मीटर व्यासाचा घुमट, आत एकही लोखंडी सळई नसलेल्या काँक्रीटचा, आणि माथ्यावरच्या गोल भोकातून उतरणारा उन्हाचा एकच झोत. तो भिंतीवर हळूहळू सरकताना बघा, मग फोटो घ्या. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, त्या उजळ गोलावर ठरवा. अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, पांढरा फटक पडलेला उजेड मात्र परत मिळत नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- भर दुपारी फोरम. दगड सपाट दिसतो. सकाळी दार उघडताच जा, संध्याकाळी शेजारच्या कॅपिटोलिन टेकडीवरून फोटो घ्या.
- सगळंच वाइड लेन्सने. कॅमेरा वर केला की खांब मागे कलतात. त्यापेक्षा चार पावलं मागे सरा.
- ट्रायपॉडचं ओझं. बऱ्याच ठिकाणी आत चालत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवा, बिनधास्त.

ऑस्टियाला रोममधल्या पोर्ता सान पाओलो स्टेशनहून लोकल जाते. तिथली जुनी खानावळ चुकवू नका: संगमरवरी ओटा आणि भिंतीवर रंगवलेले खाद्यपदार्थ अजून शाबूत आहेत. मला तर कोलोसियमपेक्षा तो ओटाच जवळचा वाटतो. तिरप्या उन्हात शेजारच्या भिंतींच्या विटांमधला चुनाही दिसतो.

लेन्स, फिल्टर वगैरे परत आल्यावर बोलू. फोटो नक्की दाखवा.