थंडीत ट्रेलर ओढताना पाणी गोठू नये म्हणून काय करायचं: पाणी घेऊनच जाऊ नका

तुमचा प्रश्न असा की डिसेंबरच्या शेवटी मिनियापोलिसहून आय-३५ धरून खाली साउथ टेक्सासला जायचंय, २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) आहे, सोबत मुलं आहेत, डीलर म्हणतो फोर सीझन पॅकेज आहे तेव्हा फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारी गॅसची भट्टी) चालू ठेवून गाडी चालवा, काही गोठत नाही. हे पटतं का, असं विचारलंय. मला नाही पटत. कॅन्सस सिटी मागे पडेपर्यंत, आणि खरं तर ओक्लाहोमा पार होईपर्यंत, ट्रेलरच्या पाइपात पाण्याचा थेंब नको. कोरडा ट्रेलर ओढा, पाणी गाडीत कॅनमधून न्या.

फोर सीझन या शब्दाला कुठलंही सगळ्यांना लागू असलेलं मोजमाप नाही, ज्याला जे वाटेल ते तो चिकटवतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ खाली प्लास्टिकचं पत्र्यासारखं कव्हर, त्यात फर्नेसच्या डक्टची एक छोटी नळी, आणि टाक्यांना १२ व्होल्टचे हीटिंग पॅड. कॅम्पग्राउंडवर उभं असताना याचा खरंच उपयोग होतो. पण ताशी ६५ मैलांच्या स्पीडने जाताना गोष्ट वेगळी. वाऱ्यामुळे पाइप बाहेरच्या हवेपेक्षा जास्त गार होत नाही हे बरोबर, पण बशीतल्या चहावर फुंकर मारल्यासारखी त्यातली ऊब भराभर निघून जाते, आणि कव्हरला वायरींसाठी पाडलेल्या भोकांतून, स्लाइडच्या (बाजूला सरकून बाहेर येणाऱ्या खोलीच्या भागाच्या) सीलच्या फटींतून तोच वारा आत घुसत राहतो.

आता विजेचा हिशेब बघा. फर्नेस प्रोपेनवर चालते पण तिचा ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) १२ व्होल्टवर, तो ७ ते १० अँप खातो. टाक्यांचे पॅड प्रत्येकी साधारण ५ ते ७ अँप, असे तीन धरा. आणि तुमच्या ट्रकमधून ट्रेलर जोडायच्या ७-पिन प्लगच्या लांबलचक वायरीतून मागे येतात जेमतेम १० अँप, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणजे दिवसभर ड्राइव्ह करूनही ट्रेलरची बॅटरी भरत नाही तर उतरतेच, त्यात थंडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद आधीच कमी झालेली असते. व्होल्टेज पडलं की ब्लोअर हळू फिरतो, सेल स्विच (पुरेशी हवा वाहतेय हे ओळखणारा स्विच) लागत नाही आणि बर्नर पेटतच नाही, आणि पुढे ट्रक चालवताना तुम्हाला हे कळायला काही मार्ग नाही. लिथियम बॅटरी असेल तर ३२ डिग्री फॅरनहाइटच्या (पाणी गोठतं त्या तापमानाच्या) खाली ती चार्ज करायची नसते, तो वेगळाच घोळ.

शिवाय चालत्या ट्रेलरचं प्रोपेन उघडं ठेवणं मला आवडत नाही. टायर फुटून खालची गॅसलाइन फाटू शकते, सिलिंडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मोठी गळती रोखतो, बारीक नाही. पेट्रोल भरायला शिरण्याआधी तर बंद हवंच.

तर निघण्याआधी काय करायचं. फ्रेश टँक (चांगल्या पाण्याची टाकी) रिकामी, ग्रे (सिंक-शॉवरचं सांडपाणी) आणि ब्लॅक (टॉयलेटची) दोन्ही टाक्या डंप करून रिकाम्या, वॉटर हीटर थंड झाल्यावर प्रेशर सोडून रिकामा करा आणि बायपासचे (हीटर वगळून पाणी पुढे नेणारे) व्हॉल्व्ह फिरवा, नाहीतर सहा-सात गॅलन अँटीफ्रीझ नुसतं हीटर भरण्यात जाईल. पाण्याचा फिल्टर काढून टाका. मग पंपाच्या सायफन नळीतून गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ ओढायचं, प्रोपिलीन ग्लायकॉलवालं, गाडीच्या रेडिएटरचं अजिबात नाही, ते विषारी असतं. पंपापासून सगळ्यात लांबचा नळ आधी, गार आणि मग गरम, आधी पाणी येईल मग फिकट गुलाबी मग नीट गडद गुलाबी, तेव्हाच बंद करा. टॉयलेटचं पेडल दाबा. बाहेरचा शॉवर विसरू नका, तो पातळ दाराच्या मागे एका प्लास्टिकच्या डब्यात असतो आणि सगळ्यात आधी तोच फुटतो, त्यानंतर नंबर लागतो खाली लोंबणाऱ्या लो-पॉइंट ड्रेनच्या (पाइपांतलं पाणी काढून टाकायच्या) नळ्यांचा. पेक्स (लवचिक प्लास्टिकचा) पाइप थोडा फुगून सहन करतो, पण पंपाचं डोकं, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, नळांचे जॉइंट सहन करत नाहीत. प्रत्येक सिंकखालच्या ट्रॅपमध्ये (पाणी साचणाऱ्या वाकड्या पाइपात) आणि ग्रे-ब्लॅक दोन्ही टाक्यांत थोडं ओता म्हणजे डंप व्हॉल्व्ह अडकत नाहीत. बाटलीवर -५० लिहिलेलं असतं ते पाइप न फुटण्यासाठीचं, त्याच्या बऱ्याच आधी त्याचा गोळा-गोळा चिखल होतो, त्यामुळे घाबरू नका. सगळं मिळून दोन-तीन गॅलन पुरतं.

रस्त्यात टॉयलेट वापरायचं तर फ्लशला हेच गुलाबी, एका जगमधून. प्यायचं, दात घासायचं, चहाचं पाणी गाडीत. नारळाच्या दुधाचे कॅन, सोडा, औषधांच्या बाटल्याही गाडीत घ्या, ट्रेलरच्या कपाटात कॅन फुगतात.

रात्री ट्रेलरमध्ये झोपायला काहीच हरकत नाही, पाइपात पाणी नाही म्हणजे फक्त माणसांना ऊब हवी. पण कॅम्पग्राउंडवर इलेक्ट्रिक हुकअप (विजेची जोडणी) घ्याच. ब्लोअर निम्मा वेळ फिरला तरी १२ तासांत ५० अँप-अवरच्या आसपास जातात, म्हणजे १०० च्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतला वापरता येण्यासारखा सगळा भाग. निघण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून बघा, मुलं आहेत. आणि फोन करून जा, उत्तरेकडे बऱ्याच कॅम्पग्राउंडचं पाणी आणि डंप स्टेशन हिवाळ्यात बंद असतात.

डॅलसच्या खाली पोचलात आणि पुढच्या काही रात्री ३२ च्या वर दिसल्या की गुलाबी धुऊन काढा, बायपास परत फिरवा, आणि हीटर पाण्याने भरून गरम नळातून धार येतेय हे बघितल्याशिवाय त्याचं इलेक्ट्रिक बटण दाबू नका, कोरडा एलिमेंट क्षणात जळतो. ट्रेलरच्या खाली चिकटलेलं रस्त्यावरच्या मिठाचं पाणीही धुऊन घ्या. दोन गॅलन गुलाबी मात्र जवळ ठेवा, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच गोठलं होतं, अगदी खालपर्यंत. आणि मार्चमध्ये परत निघाल तेव्हा अंदाज बघून डॅलसच्या आसपासच पाइपात पुन्हा गुलाबी भरून टाका, मिनेसोटात मार्च म्हणजे हिवाळाच. तुमच्या हीटरचा मॉडेल नंबर टाका इथे, बायपासचे व्हॉल्व्ह कुठे लपलेत ते सांगतो.