पीआर ते विधानसभा: ब्रिटिश कोलंबियात किती वर्षं धरावीत?

तुम्ही विचारलंय की पीआरवर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यावर, सरे शहरात येणार आहात, राजकारणाची ओढ आहे, तर तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेत निवडून यायला किती वर्षं लागतील. पंधरा तरी धरा. त्यातला नागरिकत्वाचा टप्पा सगळ्यात सोपा.

उमेदवाराला कॅनडाचं नागरिकत्व लागतंच. त्यासाठी मागच्या पाच वर्षांत 1,095 दिवस प्रत्यक्ष इथे काढलेले हवेत. पीआरआधी स्टडी किंवा वर्क परमिटवर राहिलेला दिवस अर्धा धरतात, तोही एकूण 365 पर्यंतच. लग्नकार्यासाठी गावी घालवलेले दिवस मोजत नाहीत, आणि चूक बहुतेकदा तिथेच होते. प्रत्येक प्रवासाची तारीख पहिल्यापासून टिपून ठेवा. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं. मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) मिळतं, पण त्यावर भारतात मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. घरच्या सातबाऱ्याचा विषय निघण्याआधीच बोलून घ्या.

खरी वर्षं जातात ती मतदारसंघात. उज्जल दोसांझ यांचंच बघा. जालंधर जिल्ह्यातल्या गावातून 1964 साली इंग्लंड, 1968 साली कॅनडा; लाकडाच्या गिरणीत काम, मग कायद्याचं शिक्षण आणि वकिली. 1979 आणि 1983 च्या निवडणुका हरले. 1985 मध्ये शीख अतिरेक्यांच्या हिंसाचाराविरुद्ध बोलले म्हणून त्यांच्यावर लोखंडी गजाने जीवघेणा हल्ला झाला. निवडून आले थेट 1991 साली, 2000 मध्ये प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाले. पुढच्याच वर्षी पक्षाला 79 पैकी 2 जागा मिळाल्या आणि त्यांचीही जागा गेली. पहिल्या पराभवापासून विजयापर्यंत बारा वर्षं, आणि तोवर घर चाललं वकिलीवर. म्हणून पोटापाण्याचा धंदा आधी पक्का करा.

पीआर असतानाही पक्षाचं सभासद होता येतं, दारोदार प्रचारात फिरता येतं. तिकीट साधारणपणे मतदारसंघातल्या सभासदांच्या मतांवर ठरतं. इथे लोक हमखास एक चूक करतात: ओळखीचे दोनशे जण गोळा करतात, पण सभासद नोंदणीची मुदत आधीच उलटलेली असते. दुसऱ्याची फी स्वतःच्या खिशातून भरायचा मोह तर अजिबात नको.

पैशाचंही तसंच. 2017 पासून कंपन्या आणि कामगार संघटनांच्या देणग्या बंद आहेत. देणगीदार याच प्रांतात राहणारा, नागरिक किंवा पीआर असलेला हवा, आणि वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच देऊ शकतो. पुण्याच्या काकांचे किंवा टोरांटोच्या मित्राचे पैसे चालणार नाहीत.

सरेत मराठी मतांवर जागा निघत नाही. कामापुरती पंजाबी शिका, दारं उघडतात. नागरिकत्व मिळाल्यावर आधी नगरपालिका किंवा शाळा मंडळ लढवा. त्या निवडणुका दर चार वर्षांनी ऑक्टोबरात होतात आणि त्यांना प्रांतिक पक्षाचं तिकीट लागत नाही. भाड्याचं घर बदलावं लागलं तर त्याच भागात बघा, कारण स्वयंसेवक म्हणून जोडलेली माणसं तिथलीच असतात.