मॉडला किंमत लावण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझा मॉड, म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये तू घातलेली भर, काल रात्री चालवून पाहिला. कंदिलाची वात वाऱ्याने थरथरते आणि तिच्यासोबत भिंतीवरची सावलीही, तिथे मी मोहीम बाजूला ठेवून तेवढंच बघत बसलो. आठ महिने घातलेस त्यावर. ते दिसतंय.

तू विचारलंस, ‘पैसे मागितले तर लोक शिव्या घालतील का?’ घालतील. पण तेवढ्यासाठी कच खाऊ नकोस. ‘हौसेनं केलंस ना, मग पैसे कशाला?’ असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलंच नाही. गवयालाही गाण्याची हौसच असते, म्हणून कोणी त्याची बिदागी बुडवत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा गाजलेला गेम मुळात ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड, १९९९ मधला. पुढे ‘हाफ-लाइफ’ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला आणि तो करणाऱ्यांना आपल्याकडे कामालाही ठेवलं. चाहत्यांच्या कामाचं मोल कंपन्यांना केव्हाच कळलंय.

तरी २०१५ चा एप्रिल आठवतो. व्हॉल्व्ह आणि ‘स्कायरिम’ हा गेम काढणाऱ्या बेथेस्डाने, व्हॉल्व्हच्या स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर, ‘स्कायरिम’चे मॉड विकायची सोय केली. विक्रीतले ४५ टक्के बेथेस्डाला, ३० व्हॉल्व्हला, आणि रात्री जागवणाऱ्याला उरलेले २५. असा गहजब झाला की आठवड्याच्या आत ते मॉडचं दुकान बंद करून लोकांचे पैसे परत करावे लागले. सगळे बोलतात ते त्या टक्क्यांबद्दल. मला मात्र त्यातली एक बारीकशी भानगड जास्त शिकवून गेली. मासेमारीचा एक मॉड विक्रीला आला, आणि तो दुसऱ्या एकाने फुकट दिलेल्या अ‍ॅनिमेशनच्या कामावर बेतलेला निघाला. तो काढून घ्यावा लागला. सगळंच फुकट असतं तेव्हा उसनवारी कोणाला खुपत नाही, आभारात नाव घातलं की भागतं. गल्ला मांडला की वाटेकरी मोजावे लागतात.

म्हणून आधी तुझं फोल्डर उघड. कंदिलाचा आकार तुझा, सावलीही तुझी. वात हलवणारी स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा कोड? ती कुणाची तरी घेऊन दुरुस्त केलीस, असं तूच मागे लिहिलं होतंस. त्या माणसाला विचार. उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नकोस, स्क्रिप्ट नव्याने लिही. आठवडा जाईल, जाऊ दे.

मग गेमचा परवाना वाच, कंटाळा आला तरी. मूळ कृतीवर बेतून नवं काही करायचा हक्क कॉपीराइट असलेल्याकडे असतो. तो डोळेझाक करतो तोवर आपलं चालतं. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेवर चाहत्यांनी केलेले सिनेमे बरीच वर्षं असेच खपून गेले. एका गटाने दहा लाख डॉलरांहून जास्त वर्गणी जमवली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये हक्कदारांचा खटला उभा राहिला. पुढच्याच वर्षी त्यांचे नियम आले: एका सलग कथेला १५ मिनिटं, दोन भाग केले तर मिळून फार तर ३०, वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत.

हे सगळं जुळलं तरी किंमत लावू नकोस, निदान या खेपेला. देणगीची पेटी ठेव, तीही परवान्यात बसत असेल तरच. मी एकदा महिन्याच्या वर्गणीवर मॉड द्यायला लागलो होतो. गेमचा अपडेट आला, माझा मॉड कोसळला, कुणाकुणाचे सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, गेले. एकाने लिहिलं, ‘पैसे मोजलेत, रविवारपर्यंत दुरुस्त हवं.’ त्याचं काय चुकलं? पण मी घरच्या आजारपणात अडकलो होतो, आणि ते काम मला नकोसं झालं. देणगी देणारा आधी होऊन गेलेल्या कामाचे पैसे देतो. गिऱ्हाईक पुढच्या प्रत्येक अपडेटचे आगाऊ देऊन ठेवतो. तुझी परीक्षा तोंडावर आहे, ते आगाऊ घेऊ नकोस.

देणगीतला वाटा त्या स्क्रिप्टवाल्यालाही देऊ कर. नको म्हणाला तर त्याची मर्जी.

त्याचं उत्तर आलं की कळव. आणि जिन्याखाली सावली कंदिलाच्याच बाजूला पडते आहे, तेवढं बघ.

तुझा,
जुना मॉडवाला