भावना बाजूला ठेवून निर्णय घेता येतो का?

"मॅडम, भावना बाजूला कशा ठेवायच्या तेवढं शिकवा, निर्णय मी घेते," असं म्हणतच एक तरुणी माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). हातात नव्या नोकरीची ऑफर, जुनी सोडवत नाही, एक्सेलमध्ये मुद्द्यांची लांबलचक शीट, प्रत्येक मुद्द्याला मार्क, आणि तीन आठवडे झाले तरी उत्तर नाही कारण रोज रात्री ती मार्कच बदलत होती.

ही मागणी खूप जण करतात, आणि मला दरवेळी वाईट वाटतं, कारण भावना म्हणजे शत्रू असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. मी तिला अँतोनिओ दामासिओ या न्यूरोलॉजिस्टच्या पेशंटबद्दल सांगितलं. कपाळामागे, डोळ्यांच्या जरा वर मेंदूचा जो भाग असतो तिथे इजा झालेली, बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती शाबूत, पण भावना बोथट. अशा एकाला पुढच्या अपॉइंटमेंटसाठी दोन तारखा सुचवल्या तर तो जवळपास अर्धा तास दोन्हीचे फायदे-तोटेच मोजत बसला! 1997 मध्ये दामासिओंच्या टीमचा पत्त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला (काही गठ्ठ्यांतून पत्ते उचलले की शेवटी फायदा, काहींतून तोटा), त्यात निरोगी माणसांच्या त्वचेवर तोट्याच्या गठ्ठ्याकडे हात जाताना सूक्ष्म घाम यायला लागला, तोही कुठला गठ्ठा वाईट हे त्यांना सांगता यायच्या आधी. इजा झालेल्यांना तसा घाम आला नाही आणि ते तोट्याचेच पत्ते उचलत राहिले.

ती एकदम म्हणाली, "पण मला तर दोन्हीकडे भीतीच वाटते."

भीती खरी, पण ती नेमकी कशाची हे शरीर सांगत नाही, ते शोधावं लागतं. म्हणून शीट बंद केली आणि डोळे मिटून नव्या ऑफिसातला पहिला दिवस डोळ्यासमोर आणायला सांगितला. खांदे सैल झाले. मग जुन्या जागी आणखी वर्षभर, तर नुसता कंटाळा. मग जुन्या बॉसच्या केबिनमध्ये जाऊन राजीनामा देतेय असं, आणि तिथे श्वासच अडकला, डोळ्यांत पाणी. त्यांनीच तिला हाताला धरून काम शिकवलं होतं, त्यांना दुखवायचं या विचाराने ती तीन आठवडे झोपली नव्हती, आणि शीटमध्ये हा मुद्दाच नव्हता.

उरलेला वेळ आम्ही एवढंच केलं, मी बॉस झाले आणि तिने मला राजीनाम्याचं सांगितलं. पाचव्यांदा आवाज न कापता जमलं.