'प्रथिनांचं नत्रीकरण' म्हणावं का?

नाशिकरोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: "पार्किन्सन या मेंदूच्या आजारावरच्या एका मराठी लेखात 'प्रथिनांचे एस-नत्रीकरण' असा शब्द वाचला. मूळ शब्द एस-नायट्रोसिलेशन. वर्गात 'नत्रीकरण' वापरू का?"

बाई, नका वापरू. शब्द कानाला गोड आहे, पण त्याची जागा आधीच भरलेली आहे. मातीतले जिवाणू अमोनियापासून नायट्राइट आणि पुढे नायट्रेट बनवतात, ते नत्रीकरण. तुमच्या वर्गातली निफाड-दिंडोरीकडची मुलं 'नत्र, स्फुरद, पालाश' ऐकतच मोठी झालेली असणार. त्यांच्या डोळ्यांपुढे थेट युरियाची गोणी येईल. शिवाय नत्र प्रत्येक प्रथिनात मुळातच असतो. इथे नव्याने येऊन बसतो तो नायट्रिक ऑक्साइडचा गट, म्हणजे नत्र आणि ऑक्सिजनची जोडी. 'नायट्रोसिल' हे त्या जोडीचं नाव. 'नत्रीकरण' म्हटलं की त्यातला ऑक्सिजन गळतो.

आता तो 'एस'. पुष्कळ जण त्याला नुसतं अक्षर समजून पुढे जातात, आणि खरी मेख तिथेच आहे. एस म्हणजे सल्फर, आपलं गंधक. द्राक्षावर भुरी दिसली की फवारतात तेच मूलद्रव्य. प्रथिन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांतल्या सिस्टीनच्या टोकाला गंधकाचा अणू असतो आणि नायट्रिक ऑक्साइड नेमका त्याच्यावर बसतो. म्हणून पहिल्यांदा सांगताना 'गंधकावरचं नायट्रोसिलेशन' म्हणा, पुढे 'एस-नायट्रोसिलेशन' खुशाल चालू द्या. 'नायट्रेशन' मात्र वेगळं. ते बहुधा टायरोसीन या दुसऱ्या अमिनो आम्लावर होतं आणि तिथे गंधकाचा संबंध नाही.

मला नामापेक्षा क्रियापदाची काळजी जास्त वाटते. त्या लेखात 'प्रथिनाला नायट्रिक ऑक्साइड जडतो' असंही असेल, तर तेही बदला. जडलेलं सहसा निघत नाही. रोग जडतो, सवय जडते. हा गट बसतो आणि सुटतोही. तो सोडवायला थायोरेडॉक्सिनसारखी प्रथिनं पेशीत असतात. कॅस्पेज-३ हे पेशीला मरणाकडे नेणारं विकर (एन्झाइम) घ्या. त्याच्या क्रियास्थानी, म्हणजे ते जिथून काम करतं त्या जागी, एक सिस्टीन असतं. त्यावर नायट्रिक ऑक्साइड बसलेला असेल तोवर विकर गप्प. मरणाचा संदेश आला की तो सुटतो आणि विकर कामाला लागतं. पेशीचं नियमन म्हणतात ते असं, या बसण्या-सुटण्यात आहे. १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं ते नायट्रिक ऑक्साइड रक्ताभिसरणात संदेश पोचवतो या शोधांसाठी. थेट प्रथिनावर बसणं हा त्याच वायूचा दुसरा मार्ग.

आणि रोग? बसणं वाजवीपेक्षा जास्त झालं की बिघडतं. पार्किन हे प्रथिन निकामी प्रथिनांवर खूण करतं, मग पेशी त्यांची विल्हेवाट लावते. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत या पार्किनवरच नायट्रिक ऑक्साइड बसलेला सापडला, आणि त्याने पार्किनचं काम बिघडतं, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. हा रोगाच्या अनेक कारणांतला एक धागा आहे. त्यामुळे 'नत्रीकरणामुळे पार्किन्सन होतो' हे वाक्य शब्दानेही चुकतं आणि अर्थानेही.

फळ्यावर मी असं लिहीन: 'पार्किनमधल्या सिस्टीनच्या गंधकावर नायट्रिक ऑक्साइड प्रमाणाबाहेर बसला, तर पार्किनचं काम बिघडतं. या बसण्याला एस-नायट्रोसिलेशन म्हणतात.'