ते कबूतर घरी निघाले होते

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या लेखाचे तुझे दोन्ही खर्डे वाचले. एकात युद्धातले आणि हेरगिरीतले प्राणी शूरवीर आहेत, दुसऱ्यात तेच प्राणी माणसाच्या क्रौर्याचे बळी आहेत, आणि यांतले खरे कोणते हे ठरत नाही म्हणून लेख अडला आहे, असे तू कळवतेस. पशुवैद्यक शिकलेल्या मुलीने हा प्रश्न असा मांडावा याचे मला आश्चर्य वाटले. दवाखान्यात जनावर आले की ते शूर आहे की बिचारे, याचा निवाडा आपण करत बसत नाही. ते काय खाते, कोणता पाय टेकत नाही, कशाला बिचकते, हे पाहतो. लेखातही तेच कर. प्रत्येक प्रसंगात त्या प्राण्याला स्वतःला काय हवे होते ते आधी लिही. माणसांना काय हवे होते ते मागाहून येऊ दे.

मे २०२३ मध्ये चेंबूरजवळच्या पीर पाव जेट्टीवर सापडलेले कबूतर तू दोन ओळींत उरकले आहेस. पायांत कडी आणि पंखांवर चिनी वाटणारी अक्षरे, एवढ्यावरून हेरगिरीचा संशय आला आणि ते परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या प्राण्यांच्या रुग्णालयात आठ महिने अडकून पडले. ते तैवानमधले शर्यतीचे कबूतर आहे हे कळल्यावर जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याची सुटका झाली. तुला यात पोलिसांची गंमत दिसली. ती आहेच, पण त्या पक्ष्याच्या बाजूने पाहिलेस का? शर्यतीचे कबूतर वाट चुकले होते आणि त्याला आपल्या ढाबळीत परतायचे होते. संदेशवाहक कबुतरांचा सगळा कारभार या एकाच ओढीवर चालतो. कबुतराला कुठे जा म्हणून सांगता येत नाही. त्याला घरापासून दूर नेऊन सोडायचे आणि ते परत येते, एवढेच माणसाच्या हातात असते. ओडिशा पोलिसांची कबूतर सेवा १९४६ मध्ये कोरापुटला लष्कराकडून मिळालेल्या २०० कबुतरांवर सुरू झाली, ती याच बळावर. १९९९ च्या चक्रीवादळात दळणवळण कोलमडले तेव्हाही हीच कबुतरे कामी आली, कारण वादळातही घर असते तिथेच असते.

आता पहिल्या महायुद्धातले तुझे ‘शेर आमी’ नावाचे कबूतर घे. ४ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधल्या अर्गोनच्या जंगलात मेजर चार्ल्स व्हिटलसी यांच्या वेढल्या गेलेल्या तुकडीवर अमेरिकेच्याच तोफखान्याचे गोळे पडू लागले आणि तोफा थांबवण्याची विनंती करणारी चिठ्ठी घेऊन एक कबूतर उडाले, हा प्रसंग जगभर सांगितला जातो. जखमी पायाचे शेर आमी पुढे फ्रान्सचे युद्धपदक मिळवून, मेल्यावर पेंढा भरून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसले. ती चिठ्ठी नेमकी याच पक्ष्याने नेली असे सिद्ध करणारा कागद सापडत नाही, हे त्याच संस्थेतल्या इतिहासकाराने दफ्तरे चाळून दाखवले आहे. ते तुझ्या खर्ड्यात नाही, ते घाल. पण त्याहून मोठी चूक अशी की, तुझे कबूतर ‘सैनिकांचे प्राण वाचवण्यासाठी’ झेपावते. त्याला सैनिक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते आणि पायाला काय बांधले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. गोळ्या चालू असताना ते घरी निघाले होते. ही गोष्ट मला पराक्रमाहून अधिक हलवून सोडते. तुला नसेल हलवत तर लेख लिहू नकोस.

हे मी इतक्या हट्टाने का सांगतो? कारण प्राण्याला काय हवे आहे हे न विचारणाऱ्यांच्या योजना कशा कोसळतात, हे याच इतिहासात भरपूर आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने कुत्र्यांना रणगाड्याखाली अन्न ठेवून शिकवले. उपाशी कुत्रा पाठीवर स्फोटके घेऊन शत्रूच्या रणगाड्याखाली शिरेल असा हिशेब होता. शिकवणीतले रणगाडे सोव्हिएत होते, त्यांना डिझेलचा वास होता. जर्मन रणगाडे पेट्रोलवर चालत. रणांगणावर भेदरलेली कितीतरी कुत्री मागे वळली आणि आपल्याच खंदकांत शिरली. त्यांना अन्न हवे होते, ओळखीचा वास हवा होता, आवाजापासून लांब जायचे होते. अमेरिकेत एका दंतवैद्याच्या सूचनेवरून वटवाघळांना छोटे आगलावे बाँब बांधण्याची योजना निघाली. जपानी लाकडी घरांच्या वळचणीला ती जाऊन बसतील आणि घरे पेटतील, अशी कल्पना. १५ मे १९४३ रोजी कार्ल्सबाडच्या नव्या हवाई तळावर काही वटवाघळे निसटली आणि तळाच्याच इमारती जळाल्या. वटवाघळांचे काहीही चुकले नाही. त्यांना आडोसा हवा होता आणि जवळात जवळचा आडोसा तोच होता. सीआयएने चोरून बोलणे ऐकण्यासाठी मांजराच्या अंगात ध्वनिक्षेपक बसवून पाहिला, तेव्हाही मांजर भूक लागली की आपल्या वाटेने निघून जाई. त्या मांजराला टॅक्सीने चिरडल्याची कथा तू घेतली आहेस; संस्थेच्या तांत्रिक विभागाच्या माजी प्रमुखांनी ती नाकारलेली आहे, म्हणून ती काढ.

तू म्हणशील, मग मुंबईचा जंजीर? १९९३ च्या स्फोटांनंतर ज्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद आहे, त्या लॅब्राडोरचाही पराक्रम नाही म्हणायचे का? मी एका नियतकालिकात श्वानपथकावर लिहिले तेव्हा संपादकांनी हाच प्रश्न रागाने विचारला होता, आणि मी प्रत्येक ठिकाणचे ‘देशासाठी’ खोडले म्हणून तो लेख छापलाच नाही. माझे म्हणणे तेव्हा होते तेच आजही आहे. शोधक कुत्र्याला वास काढण्याचे वेड असते, वास सापडला की हाताळणारा खूश होतो, शाबासकी मिळते, खेळायला मिळते. स्फोटके म्हणजे मरण हे त्याला माहीत नसते, माहीत असते त्याच्या माणसाला. म्हणून धाडसाची सगळी जबाबदारी त्या माणसावर येते, आणि कुत्र्याला वीर ठरवले की ती अलगद उतरते. भारतीय लष्करात सेवा संपलेल्या श्वानांना दयामरण देण्याची पद्धत होती. २०१५ च्या सुमारास प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले तेव्हा कुठे धोरण बदलू लागले. पदके आणि मानवंदना त्याआधीही होत्याच. त्या कुत्र्याला म्हातारपणी काय हवे होते, हे कोणी विचारले असते तर उत्तर अवघड नव्हते: ज्याच्यासोबत दिवस काढले तो माणूस. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर आजवर दिलेले नाही, आणि तो लेख छापला गेला नाही याची खंत असली तरी तो शब्द परत घालायला मी आजही तयार होणार नाही.

तुझा दुसरा खर्डाही याच दोषाने अधू आहे. एप्रिल २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘इक्विपमेंट सेंट पीटर्सबर्ग’ असे लिहिलेला पट्टा अंगावर घेऊन आलेला बेलुगा देवमासा, ज्याला लोकांनी ह्वाल्दिमीर म्हटले, तो तुझ्याकडे नुसता बळी म्हणून येतो. पट्टा काढल्यावरही तो समुद्रात निघून गेला नाही. होड्यांपाशी आणि माणसांपाशी घोटाळत राहिला, ३१ ऑगस्ट २०२४ रोजी मेलेला सापडेपर्यंत. त्याला सोबत हवी होती आणि सोबत म्हणजे माणूस, एवढेच त्याला शिकवले गेले असावे. हे लिहिलेस तर ‘क्रौर्य’ हा शब्द लागणारही नाही.

सिंहगडाची घोरपड मात्र पूर्ण काढ. सभासदाच्या बखरीत माणसे वानरासारखी कडा चढतात. घोरपड पोवाड्यांनी आणली. पोवाड्यात ती शोभते, तुझ्या लेखात तिला काय हवे होते हे तुला सांगता येणार नाही.

दोन्ही खर्डे एकत्र करू नकोस, ठिगळ दिसेल. पेटिट रुग्णालयातल्या पिंजऱ्यापासून नव्याने सुरुवात कर, आणि विशेषणे कमी ठेवून पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे पाठव. संपादकांनी ‘देशासाठी’ घालायला सांगितले तर त्यांना माझा फोन नंबर दे.

तुझा,
डॉक्टरकाका