गावात महिन्यातून एकदा पडद्यावर सिनेमा दाखवायचा आहे. अलीकडे आवडलेले सिनेमे सांगा, आणि छोटा प्रोजेक्टर चालेल का?

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. शाळेच्या पटांगणात शंभर-सव्वाशे माणसांना सिनेमा दाखवायला काय लागेल, ऑनलाइन मिळणारा पाच-सहा हजारांचा छोटा प्रोजेक्टर चालेल का, आणि अलीकडे पाहिलेल्यांतले कोणते सिनेमे आवडले. छोट्या प्रोजेक्टरचं उत्तर एका शब्दात देतो : नाही. सिनेमांची नावं शेवटी सांगतो, कारण चांगला सिनेमासुद्धा पटांगणात ऐकू आला नाही तर मरतो.

माझं ठाम मत आहे की खेड्यातला खेळ चित्रामुळे पडत नाही, आवाजामुळे पडतो. चित्र जरा फिकं असलं तर डोळा दहा मिनिटांत सरावतो. संवाद कळला नाही की मागच्या सतरंजीवर गप्पा सुरू होतात, त्या गप्पांनी मधल्यांना ऐकू येत नाही, आणि पाऊण तासात पटांगणात फक्त पोट्टे आणि कुत्रे उरतात. म्हणून पैसे आधी स्पीकरवर घाला.

सप्ताहाचे भोंगे लावू नका. भोंगा दूर पोचतो हे खरं, पण त्यातून मधली कर्कश पट्टीच निघते. ‘स’, ‘त’, ‘च’ ज्या बारीक पट्टीत ऐकू येतात ती दबते, आणि मग ‘सात’ की ‘हात’ हे कळत नाही. वरातीच्या डीजेचं उलटं आहे : छातीत धडधड होते, शब्द पोचत नाही. बिछायतवाल्याकडे किंवा तालुक्याच्या साउंडवाल्याकडे १२ इंची, आतच अॅम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर भाड्याने मिळतात. ते पडद्याच्या दोन बाजूंना स्टँडवर, सहा-सात फूट उंच ठेवून तोंड किंचित खाली करा. जमिनीवर ठेवले तर पुढच्या दोन ओळी आवाज पिऊन टाकतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १० फुटांवर ९० असेल तर २० वर ८४, ४० वर ७८. मागच्यांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवत नेला तर पुढची म्हातारी माणसं उठून जातात. त्यापेक्षा लोकांना जवळजवळ बसवा.

पडदा कुठल्या बाजूला लावता यावर निम्मा आवाज ठरतो. लोकांच्या मागे पन्नास-पंचावन्न फुटांवर शाळेची इमारत असेल तर आवाज तिच्यावर आपटून दशांश सेकंदाने परत येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून पडदा शाळेच्या भिंतीलाच लावा आणि स्पीकरचं तोंड मोकळ्या वावराकडे ठेवा.

आता वायर. इथे हमखास एक घोटाळा होतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एकच वायर काढून थेट स्पीकरच्या माइकच्या खाचेत घातली, तर संगीत ऐकू येतं पण माणसांचे आवाज गायब होतात. लोक म्हणतात फाइल खराब आहे. फाइल बरी असते. संवाद डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, आणि ती खाच दोन्ही बाजूंचा फरक घेते. सारखं ते वजा होऊन जातं, उरतं फक्त संगीत. लॅपटॉपकडे एक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वायर घ्या, ती छोट्या साउंड मिक्सरमध्ये घाला आणि मिक्सरमधून दोन्ही स्पीकरना एकच मोनो (डावं-उजवं एकत्र केलेला) आवाज द्या. स्टिरिओ ठेवला तर डाव्या बाजूला बसलेल्याला उजवीकडचं काही ऐकू येत नाही. ब्लूटूथ वापरू नका. ओठ हलतात आणि शब्द मागून येतो. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर लॅपटॉप, मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डवर घ्या.

दुसरी अडचण फाइलमधलीच. बऱ्याच फाइलींत आवाज सहा चॅनेलचा असतो आणि संवाद मधल्या चॅनेलवर. दोन स्पीकरवर उतरवताना पार्श्वसंगीत चढतं, बोलणं दबतं. फाइलमध्ये दुसरा, स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो निवडा. नसेल तर व्हीएलसी प्लेयरमधला कॉम्प्रेसर (मोठा आणि बारीक आवाज जवळ आणणारी सोय) चालू करा आणि मिक्सरवर बास बराच खाली घ्या. थेटरात बास मजेचा. पटांगणात तो शब्द खातो.

चित्राचा हिशेब सोपा आहे. प्रोजेक्टरचे लुमेन (उजेडाचं माप) भागिले पडद्याचे चौरस फूट. १० फूट रुंद पडदा १६:९ मापात सुमारे ५.६ फूट उंच होतो, म्हणजे ५६ चौरस फूट. ३००० लुमेनच्या प्रोजेक्टरला भागाकार येतो ५३. काळोख्या खोलीत १५ ते २० पुरतात. पटांगणात रस्त्याचा एखादा दिवा लागलेला असतोच, तिथे ४० तरी धरा. पण यात दोन मेखा आहेत. एक, आकडा ‘अन्सी’ लुमेनचा, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला हवा. स्वस्त छोट्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारोंचे आकडे असतात, अन्सी मोजलं तर बहुधा शे-दोनशे भरतात. २०० भागिले ५६ म्हणजे साडेतीनच. दोन, दिव्याचं आयुष्य म्हणून जो तासांचा आकडा छापतात तो उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. शाळेच्या कपाटातला ३००० चा जुना प्रोजेक्टर १५०० चाच समजा, आणि पडद्याची रुंदी ८ फुटांवर आणा. प्रोजेक्टर चौकोनी, ४:३ मापाचा असेल तर रुंद सिनेमाला वरखाली काळी पट्टी पडून आणखी पाव भाग वाया जातो.

प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब, ते त्याच्या थ्रो रेशोवर (अंतर भागिले चित्राची रुंदी) आहे. रेशो १.५ असेल तर १० फुटी चित्राला १५ फूट. वर्गात लावायचे काही प्रोजेक्टर अगदी जवळून मारतात. त्यांना कापडी पडदा चालत नाही, एवढीशी सुरकुतीसुद्धा लाटेसारखी दिसते. त्यांच्यासाठी सपाट, चुना मारलेली भिंतच बरी.

पडद्याला चादर नको. उजेड आरपार जातो आणि शिवण नेमकी नायकाच्या नाकावर येते. फ्लेक्सच्या दुकानातून न छापलेला, मागून काळा असलेला फ्लेक्स कडेला रिंगा मारून घ्या. चकचकीत बाजू पुढे करू नका, मधोमध दिव्याचा डाग दिसतो. चारही कडांना चार बोटं काळी पट्टी लावली की तेच चित्र जास्त ठसठशीत वाटतं. बांबूच्या चौकटीला वरून पक्का बांधा, पण खालच्या बाजूला दोरीऐवजी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावा. वारा आला की फ्लेक्सचं शीड होतं; ट्यूब ताणते आणि परत येते, दोरी रिंग फाडून मोकळी होते. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर ठेवा, म्हणजे सतरंजीवर बसलेल्यांची डोकी आड येत नाहीत. पहिली ओळ १५ फुटांवर, शेवटची पन्नासच्या आत.

विजेचं तुम्हाला काय सांगायचं! दिव्याचा प्रोजेक्टर २५० ते ३०० वॅट, दोन स्पीकर आणि लॅपटॉप धरून पाचशेच्या आसपास जातं. १५० अॅम्पियर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले दोन तृतीयांशच हाती लागतात, म्हणजे दोन-सव्वादोन तास. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, साध्याने स्पीकर गुणगुणतो. जनरेटर लावलात तर इमारतीच्या मागे नेऊन ठेवा. काहीही असो, प्रोजेक्टरला स्वतंत्र यूपीएस द्याच. लाइन गेली की आतला पंखा थांबतो, तापलेला दिवा तसाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं, कधी फुटतोही. खेळ संपल्यावरसुद्धा पंखा थांबेपर्यंत पिन उपटायची नाही. आणि तारेवर आकडा तर मुळीच टाकू नका. गुन्हा आहेच, शिवाय अर्थिंग नसतं, आणि अंधारात पोरं त्या वायरवरूनच पळतात.

डिसेंबरात आपल्या विदर्भात साडेपाचला सूर्य मावळतो, सात वाजता सुरू करता येतं. मे महिन्यात पावणेआठशिवाय पडदा काळा होत नाही. थंडीत उशिरापर्यंत दव पडतं, लेन्सवर धुकं धरतं. प्रोजेक्टरवर छत हवं. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात धान कापणीच्या सुमारास तुडतुडे उजेडावर ढगासारखे येतात. पटांगणाच्या दूरच्या टोकाला एक मोठा बल्ब लावून ठेवला तर बरेचसे तिकडे जातात. प्रोजेक्टरची जाळी दुसऱ्या दिवशी झटकाच. हरभऱ्यात रानडुकरं असतात तेव्हा निम्मी माणसं जागलीला असतात, त्या महिन्यात गर्दीची अपेक्षा धरू नका. जंगलाला लागून गाव असेल तर लांबच्या टोल्यावरच्या लोकांना एकत्र, बॅटरी घेऊन परत पाठवा.

रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० चा नियम आहे, आणि स्पीकरची लेखी परवानगी ठाण्यातून काढावी लागते. म्हणून दोन तासांपेक्षा लांब सिनेमा निवडूच नका.

हक्काचं काय? ओटीटीचं सदस्यत्व घरात बघण्यापुरतं असतं. तिकीट नाही म्हणून चौकात दाखवायला मोकळीक मिळत नाही. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेला सूट आहे : शाळेच्या उपक्रमात, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक असतील तर. त्यामुळे सिनेमाचा खेळ गावातल्या मंडळाच्या नावाने न करता शाळेचा उपक्रम म्हणून करा, मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, आणि फाइल चोरीची नसू द्या. साऱ्या गावाला बोलवायचं असेल तर निर्मात्याला लिहून परवानगी मागा. आणखी एक वाट आहे. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. म्हणजे पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला, अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ हक्कातून मोकळा झाला आहे. मला तो आजही आवडतो, पण जुना आवाज पातळ असतो. पटांगणात नको, पावसाळ्यात वर्गात दाखवा.

आता नावं. पहिल्या खेळाला मी ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) लावीन. पंढरपुरातलं घर, आईचं स्वेटर विणायचं मशीन, आणि विकायला निघालेली सायकल वाचवणारी पोरं. वारकरी घरांना काही समजावून सांगावं लागत नाही, लांबी दीड तासाच्या आसपास, आणि बरीच दृश्यं उजेडातली. उघड्यावर हे फार महत्त्वाचं : रात्रीचे, काळोखातले प्रसंग पटांगणात नुसता राखाडी चौकोन होऊन बसतात. सिनेमा निवडताना फाइल मधूनमधून दहा ठिकाणी थांबवून बघा. सहा चित्रं काळी असतील तर तो सोडा.

दुसऱ्या महिन्यात ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा, भारतातला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा कसा केला त्याची गोष्ट, आणि सांगितली आहे हसत-खेळत. निम्मा विनोद अंगविक्षेपांत आहे, त्यामुळे एखादा संवाद वाऱ्यावर गेला तरी अडत नाही. हे दोन्ही परेश मोकाशींचे. लांबी आवरता येणारे दिग्दर्शक आपल्याकडे कमीच. हा संपल्यावर पोरांना प्रोजेक्टरभोवती येऊ द्या. लेन्ससमोर हात धरून सावल्या पाडू दे, पण हवेच्या जाळीपुढे उभं राहू देऊ नका, तिथून गरम हवा येते.

‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९, सतीश मनवर) हा अलीकडे पुन्हा पाहिलेल्यांत मला सगळ्यांत जवळचा वाटला. विदर्भातला शेतकरी, आणि तो जिवाचं काही करून घेईल या धास्तीने त्याच्यावर नजर ठेवणारी बायको. धास्तीतूनच हसू काढलं आहे, आणि ते हसू आपल्या लोकांना बरोब्बर कळतं. पण हा पटांगणात लावू नका. गावात अशी घटना घडलेली असेल तर त्या घरची माणसं समोर बसलेली असतात, आणि त्यांना उठून जाताही येत नाही. हा वर्गखोलीत, मोठ्या माणसांपुरता, आधी विषय सांगून दाखवा. दार उघडं ठेवा, आणि संपल्यावर लगेच ट्यूबलाइट लावू नका.